सातव्या गाण्यातला आवाज

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅसची टाकी आली की मी ती हलवून बघते. दूधवाल्याच्या तोंडासमोर दुधात बोट बुडवते. शेजारणीनं वाटीभर भाजी आणून दिली, तर हिचं आज माझ्याकडे काय काम निघालं हे आधी मनात येतं, भाजीची चव नंतर. आमचे हे म्हणतात, "देवानं तुला डोळे दोनच दिले हे आपलं नशीब." म्हणू देत. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा बमरोली रोडला एक खोली होती, आता दोन आहेत. आंधळेपणानं झालं का ते? डोळे उघडे ठेवले नसते तर या गावानं मला भर बाजारात विकून खाल्लं असतं.

घर आमचं तिघांचं. हे पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये. मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. गठ्ठा सकाळी येतो, संध्याकाळी जातो. एकुलती एक लेक, ती भरतकामाच्या मशिनसाठी कॉम्प्युटरवर डिझाइनं बनवते. गल्ली सगळी आपल्या खानदेशची. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी. मला तिन्ही भाषांत भांडता येतं.

माझं माहेर नंदुरबारच्या पुढं. उधन्याला सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस तिथं पोचतो. पण आई गेली त्यानंतर मी फिरकले नाही. भाऊ आहे, भावजय आहे, सगळं आहे. तो विषय नको.

तर गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि लेकीची सोयरीक जमली. मुलगा बारडोलीचा, माणसं साधी. सुपारी फुटली, लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, धरलं. लेक 'हो' म्हणाली, पण इतक्या पटकन म्हणाली की माझ्या मनात पाल चुकचुकली. आजकालच्या पोरी आईबापाला चार दिवस तरी घोळवतात. ही म्हणाली, "चालेल." चालेल म्हणजे काय गं? कालची भाजी आहे का चालायला?

आमच्या मागच्या गल्लीतली एक पोरगी ऐन हळदीच्या दिवशी निघून गेली होती. तिची आई आजही नळावर मान खाली घालून उभी राहते. माझ्या छातीत तेव्हापासून एकच धडकी होती. आपली पोर अशीच एक दिवस उठून जाईल आणि आपण खडे चिकटवत बसलेलो असू. लोक काय म्हणतील ते नंतरचं. ती मला न सांगता जाईल, हे मला सहन झालं नसतं.

आणि लक्षणंही तशीच दिसू लागली. मी काम करताना गुणगुणते, ही जुनी खोड. मी गुणगुणायला लागले की ही हळूच येऊन बसायची आणि फोन माझ्याजवळच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर उलटा ठेवायची. उलटा! सरळ माणूस फोन उलटा का ठेवेल? विचारलं तर म्हणायची, "काही नाही मम्मी, तू कर ना तुझं." मला खात्री झाली, पलीकडे कुणीतरी कान लावून बसलंय. मी गुणगुणणं बंद केलं की ही फोन उचलून निघून जायची. दर रविवारी दुपारी रोडच्या टोकाला बमरोलीला जायची ते वेगळंच. "कामाचं आहे," म्हणायची. रविवारी कुठलं काम असतं हो?

होळीच्या सुमारास एक दिवस तिनं सांगितलं, "मम्मी, आम्ही अल्बम काढतोय. अहिराणीत. दर शुक्रवारी एक गाणं फोनवर येणार."

अल्बम म्हटलं की मला लग्नाच्या फोटोंचा आठवतो. म्हटलं, "गाण्याचा कसला अल्बम?"

"तसंच. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट आहे. एका बाईची. म्हणून पहिल्यापासून ऐकायचं. लग्नाच्या अल्बममध्ये आधी पाठवणी आणि मग हळद बघतेस का तू?"

"मी मागूनच उघडते," मी म्हटलं, "पंगतीत कोण कोण जेवून गेलं ते बघायला."

ती हसली नाही. म्हणाली, "हा मात्र मागून नको उघडू." मी म्हटलं, बरं बाई. पण गाणं ते गाणं. आमच्याकडे गाणी हळदीला नाचायला असतात, कानबाईच्या मिरवणुकीला असतात. जे आवडलं ते चारदा लावायचं, नाही आवडलं ते पुढं ढकलायचं. गोष्ट ऐकायची असेल तर टीव्ही आहे की. मी काही तिचा अल्बम लावला नाही. आणि खरं सांगू, तिनं इतकं बजावलं म्हणूनच लावला नाही. सांगितलेलं ऐकायची मला सवय नाही.

पण गल्लीनं मला ऐकवलाच. उन्हं तापली, आखाजी जवळ येऊ लागली, तसा जिकडंतिकडं माझ्या लेकीचा आवाज.

पहिलं गाणं कानावर पडलं ते समोरचीच्या फोनवरून. समोरची म्हणजे माझ्या दारासमोर राहणारी. हिला कुणाच्या घरात काय शिजतं हे फोडणीच्या वासावरून कळतं. तिनं मुद्दाम मला बोलावलं आणि गाणं लावलं. एक बाई दारात बसलीय, प्रत्येक चाहुलीला उठतेय. 'पाय वाजना दारमा, तो नही उना.' पाऊल वाजलं, पण तो काही आला नाही. लेकीचा आवाज अगदी रडवेला.

समोरची म्हणाली, "केवढं जीव ओतून गायलंय पोरीनं. कोणाची वाट बघत असेल गं?"

"गाण्यातली बाई बघतेय," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि पदरात हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण प्रश्न बरोबर होता. तो म्हणजे कोण?

दुसरं ऐकलं ते शटल रिक्षात. रिक्षावाल्यानं पेनड्राइव्ह लावलेला, त्यात कुठलं गाणं कधी लागेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. मी कोंबून बसलेले, मांडीवर पिशवी, आणि अचानक लेक गायला लागली. 'पेटीमा लुगडं, लुगडामा आरसा, कोणले सांगू नको.' पेटीत लुगडं घातलं, लुगड्यात आरसा लपवला, कुणाला सांगू नकोस. आधी वाट बघणं, आता सामान भरणं. आणि कुणाला सांगू नको! रिक्षा माझ्या नाक्यावरून पुढं गेली तरी मला उतरायचं भान राहिलं नाही.

तिसरं एका हळदीत. पोरं नाचत होती, डीजेवाल्यानं एक गाणं तोडून दुसरं लावलं, आणि या वेळी आवाज पुरुषाचा. मशिनमधून काढलेला, घुमणारा, आजकाल असतो तसा. 'ऊठ ना, चाल ना, गाडी उनी. तुले लेवाले मी उनू.' ऊठ, चल, गाडी आली, तुला न्यायला मी आलो.

झालं. वाट बघितली, पेटी भरली, तो आला. गोष्ट पूर्ण झाली. मला आणखी काय सांगायला हवं होतं? आग असल्याशिवाय धूर निघत नाही. पोरगी मला गाण्यात सांगून पळून जायला निघाली होती आणि अख्खी गल्ली त्यावर नाचत होती. मी हळदीच्या मांडवातून न जेवता उठले.

त्या आवाजानं मला झोपू दिलं नाही. कारण तो आवाज मी कुठंतरी ऐकला होता. प्रत्येक ओळीच्या आधी तो माणूस नाकातून एक बारीकसा हुंकार द्यायचा, 'हं', आणि मग गायचा. मशिनमधूनही तो 'हं' निसटून येत होता. मी गल्लीतल्या पोरांच्या मागं लागले. पाणीपुरीवाल्याच्या पोराला म्हटलं, "काहीतरी म्हणून दाखव रे." तो घाबरून म्हणाला, "मासी, तिखा या मीठा?" हा नव्हे. किराणावाल्याचा भाचा बोलण्याआधी शिंकतो, हुंकारत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा आवाज घोगरा. चार दिवसांत गल्लीतली पोरं मला बघून रस्ता बदलू लागली.

मग सापडली बॅग. लेकीच्या पलंगाखाली, मागं सारून ठेवलेली. नवी कोरी. मी काय लगेच उघडली नाही. आधी दार लावलं, मग उघडली. आत एक पिस्ता रंगाची साडी, तिच्यावर शिवलेला ब्लाउज, एक नारळ आणि टॉवेल-टोपी. टॉवेल-टोपी! आमच्यात पुरुषमाणसाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. व्याह्याला देतात, जावयाला देतात. म्हणजे कुणाचा तरी मान व्हायचा होता, आणि बारडोलीच्या मुलाचा मान तर आम्ही सुपारीतच केला होता. ब्लाउज उलगडून बघितला. लेकीच्या अंगाचा नव्हताच. तिच्यासारख्या दोघी मावतील असा, दंड हे एवढे. मी तिथंच ओळखलं. ही साडी त्याच्या आईसाठी. सासूला आधीच खूश करून ठेवतेय माझी हुशार पोर. आणि त्या न पाहिलेल्या बाईच्या दंडांवर मी मनात काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी हे मिलमधून आले. यांना सगळं सांगितलं. दारातली बाई, पेटी, गाडी, टॉवेल-टोपी. हे चहात खारी बुडवत शांतपणे ऐकत होते.

"मला तर आवाज बरा वाटला त्या माणसाचा," हे म्हणाले.

"अहो, पोरगी चाललीय!"

"लग्न ठरलंय. जाणारच आहे ना?"

"तुम्हाला काही कसं वाटत नाही?"

"तू दोघांच्या वाटचं वाटून घेतेस," असं म्हणून यांनी टीव्ही लावला. आणि मग, जाताजाता, "आखाजीला मी मिलमध्ये सुट्टी टाकलीय." कुणाच्या लग्नालाही एक दिवस सुट्टी न घेणारा माणूस, आखाजीला सुट्टी! माझा संशय आता यांच्यावरही गेला. बापलेक सामील होते. दाळीत काहीतरी काळं असेल असं मला वाटलं होतं. आता तर अख्खी दाळच काळी.

रविवारी लेक बमरोलीला निघाली. मी चप्पल हातात घेऊन जिना उतरले आणि मागच्या रिक्षात बसले. ती एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याजवळ उतरली. खाली मशिनी बंद होत्या, रविवार म्हणून. वर लोखंडी जिना. मी वर गेले, दार ढकललं.

खोली कसली, गोधडीच होती ती. चारी भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या अंगालासुद्धा साड्यांची चिंधी आणि बाद माल ठासून लावलेला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून, हे मागून कळलं. आत कॉम्प्युटर, माइक, कानाला मोठे हेडफोन लावलेला एक दाढीवाला पोरगा, आणि माझी लेक.

"कुठाय तो?" मी ओरडले. चिंध्यांनी माझा आवाज गिळून टाकला, त्यामुळे मी आणखी चिडले. "बाहेर काढ त्याला!"

"कोण, मासी?" दाढीवाला म्हणाला. मी त्याचाच आवाज कान देऊन ऐकला. चिमणीसारखा. हा नव्हे.

"लेवाले येणारा! टॉवेल-टोपीवाला! मोठ्या दंडाच्या बाईचा मुलगा!"

लेक माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मम्मी, तू गाणी कशी ऐकलीस? कुठलं आधी, कुठलं नंतर?"

मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. मग एक खुर्ची ओढली. "बस. आता आलीसच तर पहिल्यापासून ऐक. मधे बोलू नकोस. ऐकून झालं की पाहिजे तेवढं मार मला."

मी बसले, पण पर्स मांडीवरच ठेवली. कधीही उठता यावं म्हणून.

पहिल्या गाण्यात झोका होता. निंबाच्या झाडाला बांधलेला आखाजीचा झोका, बहीण वर बसलेली आणि धाकटा भाऊ खालून ढकलतोय. दुसऱ्यात ती पेटी. मी रिक्षात ऐकलेली. पण या वेळी तिच्या आधी हळद होती, मांडव होता, आणि पेटी भरत होती ती आई. लेक सासरी सुरतेला निघालीय, आई लुगड्यात आरसा लपवून देतेय, कुणाला सांगू नकोस म्हणते. माझ्याही पेटीत असा आरसा होता. अजून आहे. तिसऱ्यात गाडी, चौथ्यात मशिनींचा खडखडाट आणि एक खोली. पाचव्यात आखाजीला भाऊ न्यायला येतो, दोघं गाडीच्या दारात बसून कैऱ्या खातात.

दोन गाण्यांच्या मधे एक बाई नुसती गुणगुणत होती. शब्द नाहीत, सूर थोडा पडलेला, मागं साडीची सळसळ.

"ही भसाडी कोण आणलीत?" मी विचारलं.

"तू," लेक म्हणाली. "सगळ्या चाली तुझ्याकडूनच घेतल्यात. फोन उलटा ठेवून."

मी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

सहाव्या गाण्यात ती बाई दारात बसली होती. आता मला कळलं ती कोणाची वाट बघतेय. आमच्याकडे लग्न झालेली लेक आखाजीला आपण होऊन माहेरी जात नाही. कुणीतरी न्यायला यावं लागतं, भाऊ नाहीतर बाप. तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आला तर जायचं, नाही आला तर दार लावून पुरण वाटायचं आणि डोळ्यात मिरची गेली असं सांगायचं.

माझा भाऊ दरवर्षी यायचा. आई गेली त्याच्या पुढच्या आखाजीलाही आला. तेव्हा यांना कावीळ झालेली, मी म्हटलं, "आता नाही रे, पुढच्या वर्षी." तो पाणी पिऊन गेला. पुढच्या वर्षी आला नाही. मी वाट बघितली. तो मी बोलवीन म्हणून वाट बघत बसला, मी तो येईल म्हणून. आधी फोन भावजय करायची, मग तिचाही बंद झाला. आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो असतो तर मिटलं तरी असतं.

"सातवं लावू?" लेकीनं विचारलं. "मशिन न लावता लावते. जसं गायलेत तसं."

खोलीत आधी नुसती शांतता. कुठंतरी कोंबडा आरवला, भांडं वाजलं. मग तो 'हं'.

आई त्याला ओरडायची, "म्हशीवानी हुंकारू नको, काय ते बोल." लहानपणी तो काहीही सांगायच्या आधी असाच हुंकारायचा. भूक लागली तरी, पडला तरी. 'हं. ऊठ ना. हं. चाल ना, गाडी उनी.' आवाज जाडा झालेला, श्वास पुरत नव्हता, वय झालेलं ऐकू येत होतं. मी या आवाजासाठी गल्लीभर पोरांची तोंडं हुंगत फिरले. तो माझा भाऊ होता. भाऊ न्यायला आला की काय बोलतो, हेच मी विसरले होते. कुणी पुरुष 'चल' म्हणाला तर मला पळवून नेणाराच आठवला. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

लेक सांगत होती. मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून ती नंदुरबारला गेली होती, तिथून पुढं मामाकडे. मामा आधी काही बोललाच नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाला, तुझी आई येते का विचार. ती म्हणाली, तुम्हीच विचारा, गाण्यात, आणि रेकॉर्डिंग चालू करून फोन पुढं धरला. साडी-ब्लाउज माझ्यासाठी, माहेरी जाताना नेसायला. टॉवेल-टोपी तो आला की मी त्याला द्यायची म्हणून. यांनी सुट्टी टाकली ती घरी तो येणार म्हणून. आणि ते मोठे दंड माझे होते.

"एवढं सगळं कशासाठी केलंस गं?" मी विचारलं. "सरळ सांगायचं की."

"सरळ सांगितलेलं तू ऐकतेस?" ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "मम्मी, मला भाऊ नाही. मी बारडोलीला गेले की मला न्यायला कोण येणार? तू दर आखाजीला गॅलरीत उभी राहतेस, पापड वाळलेत का बघते म्हणतेस. सणाच्या दिवशी कोण पापड वाळवतं? मी लहानपणापासून बघतेय. तू बोलावल्याशिवाय जात नाहीस आणि बोलावतही नाहीस. उद्या माझ्याशी पण असंच केलंस तर?"

मी इतके दिवस ती पळून जाईल म्हणून घाबरले होते. तिला भीती होती की ती गेल्यावर मी तिला न्यायलाच जाणार नाही.

"आठवं गाणं कुठाय?" मी विचारलं.

"नाहीये. बाई काय उत्तर देते ते मला माहीत नाही."

"तो माइक इकडं कर."

दाढीवाल्यानं घाईघाईनं काहीतरी दाबलं. मला काही गाता येत नाही. मी भावाला शिव्या घातल्या. "आते याद उनी का रे तुले? इतला दिन कोठे व्हता?" तिथून जी सुरू झाले ती आईच्या आरशापर्यंत आले, यांच्या काविळीपर्यंत आले, गॅलरीतल्या पापडांपर्यंत आले. मधे रडले, नाक पुसलं, पुन्हा सुरू झाले. शेवटी म्हटलं, "गाण्यात बोलावलेलं मी मानत नाही. दारात ये. आणि येताना कैऱ्या आण."

लेकीनं त्यातलं काही कापलं नाही. नाक पुसल्याचाही आवाज तसाच ठेवला. खाली माझंच गुणगुणणं घातलं, आणि शुक्रवारी आठवं गाणं म्हणून सोडून दिलं. समोरचीनं मला ते स्वतः येऊन ऐकवलं आणि या वेळी पदरात हसली नाही. तिचाही भाऊ धुळ्याला आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दार वाजलं. सवयीप्रमाणे मी आतून दरडावून विचारलं, "कोण?" पलीकडून आधी 'हं' आला. मी कडी काढली. हातात कैऱ्यांची पिशवी, डोक्याचे केस निम्मे गेलेले. तो म्हणाला, "बहीन, माले वाटनं तू बलावशी." मी म्हटलं, "माले वाटनं तू येशी." दोघंही वेडे. मी त्याला टॉवेल-टोपी दिली, पिस्ता साडी नेसले आणि आम्ही उधन्याला गाडीत बसलो. ब्लाउज अगदी मापात होता.

लग्न थाटात झालं. लेक बारडोलीला गेली, आणि घरात तिघांच्या जागी दोघं उरलो. या वर्षी तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, ती तर माहेरचीच असते. भावाचा फोन आला, "मी जातो भाचीला आणायला, मामा म्हणून चालतं." यांनीही आठवण करून दिली की बाप अजून जिवंत आहे. मी दोघांनाही गप्प केलं.

बारडोलीच्या बसमधून उतरले, त्यांचं घर शोधलं, दार वाजवलं. विहीणबाईंनी आतून विचारलं, "कोण?" मी सांगितलं. त्या बाहेर आल्या, माझ्या मागं कुणी पुरुषमाणूस आहे का ते बघू लागल्या. कुणी नव्हतं.

"मुऱ्हाळी कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "लेवाले उनू."

"आईनं यायची रीत नाही हो."

"आता आले ना. झाली रीत."

त्या आत वळून म्हणाल्या, "अगं, चहा ठेव." पण लेक आधीच दारात आली होती, पदर खोचलेला, हातात बॅग. तीच ती, पलंगाखालची. भरून तयार होती, कधीची कोण जाणे. मी ती तिच्या हातातून घेतली. जड होती. आत काय काय आहे ते मी उघडून बघितलं नाही.